‘डाय’ म्हणजे दोन, तर मग डायबेटिसमध्ये दोन काय असते? इंग्रजी शब्दांतील ग्रीक उपसर्गांविषयी एका मंचावरील चर्चा, लिहिणाऱ्यांच्या टोपणनावांसह

शाळेचा फळा :
यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवीला विज्ञान आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवतो. गेल्या आठवड्यात कार्बन डायऑक्साइड शिकवताना मी फळ्यावर ‘मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन’ असे लिहिले आणि मुलांकडून ते दोनदा म्हणवून घेतले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, डायऑक्साइडमदी दोन ऑक्सिजन हायेत, तं डायबेटीसमदी दोन काय असते? माह्या आजीले डायबेटीस हाय.”

मला उत्तर देता आले नाही. ‘उद्या सांगतो’ असे म्हणून मी पुढे गेलो, पण दिवसभर तो प्रश्न मनातून गेला नाही. घरी येऊन शब्दकोश पाहिला, तेव्हा कळले की डायबेटिसमधला उपसर्ग ‘दोन’ या अर्थाचा नाहीच. तो ‘आरपार, मधून’ या अर्थाचा ‘डाया’ आहे. शरीरातून पाणी नळीतून वाहावे तसे वाहून जाते, वारंवार लघवी होते, म्हणून ग्रीक वैद्यांनी या रोगाला ‘मधून निघून जाणारा’ असे नाव दिले. डायमीटर म्हणजे वर्तुळाच्या आरपार जाणारे माप, डायरिया म्हणजे आरपार वाहणे. डायलॉग म्हणजे दोघांचे बोलणे असे मी इतकी वर्षे समजत होतो आणि तसे शिकवतही होतो. तोही ‘डाया’च निघाला.

माझा प्रश्न असा आहे. आपली मुले इंग्रजी शब्द आधी कानाने ऐकतात आणि देवनागरीत लिहून ठेवतात. देवनागरीत दोन्ही उपसर्ग ‘डाय’च होतात. अशा मुलांना उपसर्गांची यादी पाठ करायला द्यावी का? दिल्यास ती कशी शिकवावी? आणि हायपर म्हणजे आपले उपरि, पेरी म्हणजे आपले परि, असे जे सांगतात ते कितपत खरे आहे?

बारावी विज्ञान :
सर, आम्हाला प्रवेश परीक्षेच्या शिकवणीत दोनशे उपसर्गांची यादी दिली होती. मी ती पाठ केली आणि महिन्याभरात विसरलो. ज्यांची उदाहरणे घरात किंवा शेतात होती, तेवढेच लक्षात राहिले.

पऱ्हाटी :
गुरुजी, ‘डाय’साठी तुमच्या विद्यार्थ्यांना शेतातलेच उदाहरण द्या. मी कृषी केंद्र चालवतो. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण त्यातील ‘डी’ काय सांगतो हे फारच थोडे जण विचारतात. फॉस्फेटच्या एका गटाला अमोनियमचे दोन गट जोडलेले असतात, म्हणून डाय. त्याचाच भाऊ मोनोअमोनियम फॉस्फेट. ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत म्हणून बारा-एकसष्ट-शून्य या नावाने आपण ते विकतो. त्यात अमोनियम एकच असतो, त्यामुळे नत्र १२ टक्के आणि स्फुरद ६१ टक्के. डीएपीमध्ये अमोनियम दोन, म्हणून नत्र १८ टक्क्यांवर जाते आणि स्फुरद ४६ टक्क्यांवर येते. पन्नास किलोच्या बॅगमध्ये ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. मोनो आणि डाय यांतील फरक मुलांना बॅगेवरच्या आकड्यांतून दाखवता येतो; मला तरी याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

वैनगंगाकाठ :
प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. मी तीस वर्षे संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालो, म्हणून गुरुजींच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

संस्कृत व्याकरणात बावीस उपसर्ग सांगितले आहेत : प्र, परा, अप, सम्, अनु, अव आणि पुढचे. शाळेत आपण ते एका दमात म्हणत असू. त्यांतील बऱ्याच उपसर्गांची ग्रीक भावंडे इंग्रजी शब्दांत बसलेली आहेत. परि आणि पेरी हे तर इतके जवळचे आहेत की पेरिमीटर आणि परिमिती हे शब्द शेजारी ठेवले तर दोन्ही भाग जुळतात. पेरी म्हणजे भोवती, मेट्रॉन म्हणजे माप, आणि मिती म्हणजेही मापच. उप आणि हायपो, उपरि (हा बाविसांत नाही) आणि हायपर, अप आणि अपो, अपि आणि एपी, प्र आणि प्रो, सु आणि यू, दुस् आणि डिस हे सगळे सख्खे आहेत. डिसेंट्री या शब्दातील डिस हा आपल्या दुष्काळातील, दुर्भिक्षातील दुस् आहे. एंटेरा म्हणजे आतडी, म्हणून आतड्यांची दुरवस्था. यूकॅलिप्टस, म्हणजे आपल्या बांधावरची निलगिरी, या नावातील ‘यू’ म्हणजे सु. तिची कळी फुलण्याआधी टोपणासारख्या झाकणाने नीट झाकलेली असते, म्हणून ‘सु-आच्छादित’. मुलांना ती कळी हातात देऊन दाखवावी. झाकण नखाने सहज निघते.

नकाराचा उपसर्ग तर नियमासकट सारखा आहे. व्यंजनापूर्वी अ, स्वरापूर्वी अन् : अज्ञान, पण अनादी. ग्रीकमध्येही तसेच : ॲटम म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो, आणि ॲनिमिया म्हणजे अन् अधिक हैमा, रक्त नसणे. हैमा या शब्दाची सुरुवात ‘ह’ने होते, पण ग्रीक भाषेत तो ‘ह’ पूर्ण व्यंजन मानला जात नसे, म्हणून तेथे स्वराचाच नियम लागला.

मोहफूल :
काका, प्रॉग्नॉसिसमध्ये (रोग पुढे कसा जाईल याचा अंदाज) प्र आणि ज्ञान दोन्ही आहेत हे आज प्रथमच लक्षात आले. प्र-ज्ञान! आधीच जाणणे.

वैनगंगाकाठ :
होय ताई, आणि ते केवळ दिसण्यात सारखे नाहीत, मुळातही सारखेच आहेत. डायग्नॉसिसमध्येही तेच ज्ञान आहे, आणि तेथील डाय हा पुन्हा ‘डाया’च आहे, फक्त येथे त्याचा अर्थ ‘वेगवेगळे’ असा आहे : एक रोग दुसऱ्यापासून वेगळा करून ओळखणे.

शब्दनिष्ठ :
मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि येथे थोडा वेगळा सूर लावण्याची परवानगी मागतो. संस्कृत आणि ग्रीक यांतील साम्य खरे आहे, परंतु ते वर्गात सांगितले की दहा मिनिटांत ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतमधून निघाली’ असे विधान एखादा विद्यार्थी करतोच, आणि पुष्कळदा शिक्षकही मान डोलावतात. तसे नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे असू शकत नाही, त्या एखाद्या समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल, असे मांडले. या बहिणी आहेत, त्यांतील कोणीही दुसरीची आई नाही. हे स्पष्ट सांगणार असाल तर जरूर सांगा.

दुसरा धोका याहून मोठा आहे. कानाला जुळते ते मुळातही जुळते असे मुलांना वाटू लागते. सम् आणि सिन् हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सिम्पथी म्हणजे सह-अनुभूती, सिन्थेसिस म्हणजे संश्लेषण. अर्थ सारखा, ध्वनी जवळचा, म्हणून सगळेच त्यांना एक मानतात. प्रत्यक्षात संस्कृत सम् आणि सम यांच्या कुळातला ग्रीक शब्द सिन् नसून होमो आहे. होमोजिनियस म्हणजे समजातीय.

बारावी विज्ञान :
सर, सम आणि होमो एक कसे? एकात ‘स’ आहे, दुसऱ्यात ‘ह’.

वैनगंगाकाठ :
शब्दनिष्ठ सरांची दुरुस्ती मान्य आहे. मी सम् ग्रीक जोड्यांच्या यादीत घेतला नव्हता, पण वर्गात मी स्वतः अनेक वर्षे तसे सांगितले आहे.

बाळा, ‘स’चा ‘ह’ होणे तुला नवे वाटायला नको. सप्त म्हणजे सात. त्याचा फारसीतला भाऊ हफ्त; त्यावरून तेथे आठवड्याला काय नाव पडले? हप्ता. आपण बँकेचा हप्ता भरतो तो हाच शब्द. इराणमध्ये शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला, तसा स्वतंत्रपणे ग्रीसमध्येही झाला. म्हणून सप्तचा हेप्टा, समचा होमो, आणि ‘अर्धा’ या अर्थाचा जुना संस्कृत शब्द ‘सामि’ याचा हेमि. हेमिस्फिअर म्हणजे गोलार्ध. लॅटिनने ‘स’ राखला, म्हणून तेथे सेमि आणि सेप्टेम.

शब्दनिष्ठ :
आणि होमो सेपियन्समधील होमो ग्रीक नव्हे, लॅटिन आहे. त्याचा अर्थ माणूस. तो समच्या कुळातला नाही. परीक्षेत हा प्रश्न नेहमी चुकतो.

उपकेंद्र :
मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. येथे होमो आणि हेटेरो हे शब्द मला रोज लागतात, कारण आमच्या भागात सिकलसेल आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सिकलचे जनुक आले की अहवालात होमोझायगस म्हणतात, म्हणजे दोन्ही जनुके सारखी. ती व्यक्ती रुग्ण असते. एकाकडूनच आले की हेटेरोझायगस, म्हणजे दोन जनुके वेगवेगळी. ती व्यक्ती वाहक असते, तिला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. होमो म्हणजे सम, हेटेरो म्हणजे भिन्न, हे एकदा फोड करून सांगितले की अहवाल हातात घेऊन आलेल्या मुलामुलींना तो कागद परका वाटत नाही. लग्नाआधी तपासणी करा, हे सांगणे मग सोपे जाते.

परंतु मला मुख्यतः हायपर आणि हायपोविषयी बोलायचे आहे, कारण ही जोडी जिवावर बेतू शकते. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एक वृद्ध बाई घामाने भिजून, थरथरत, ओट्यावर बसून होत्या. त्या मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी भाजी विकायला आल्या होत्या. त्यांच्या मुलाला कोणीतरी फोनवर ‘हायपो झाला असेल’ असे सांगितले होते. त्याने त्याचा अर्थ ‘शुगर वाढली’ असा घेतला आणि आईला चहासुद्धा देऊ दिला नाही. मी योगायोगाने तेथे होते. मापन केले तेव्हा साखर सत्तरच्या बरीच खाली होती. शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, साखर वर आली होती, आणि त्या मला माझे गाव कोणते ते विचारू लागल्या. त्या मुलाची काही चूक नव्हती. दोन्ही शब्दांची सुरुवात ‘हायप’ने होते आणि घाबरलेल्या माणसाला शेवटचे अक्षर ऐकू येत नाही.

तेव्हापासून मी गावोगावच्या बैठकीत एकच वाक्य म्हणवून घेते : ‘हायपर म्हणजे वर.’ यमक आहे, म्हणून विसरत नाही. पर वर, पो खाली. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला की हायपरटेन्शन. साखर ७०च्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया.

वैनगंगाकाठ :
ताई, तुम्ही यमक म्हणून जे वापरता ते यमकापेक्षा कितीतरी मोठे आहे. मराठीतला ‘वर’ हा शब्द संस्कृत ‘उपरि’पासूनच आला आहे, प्राकृतात उवरि झाला आणि मराठीत वर राहिला. हायपर आणि उपरि एकाच मुळाचे आहेत. म्हणजे ‘हायपर म्हणजे वर’ असे तुम्ही त्या बायांकडून म्हणवून घेता, तेव्हा एकाच मुळाची दोन टोके पुन्हा एकत्र बांधता. मला हे वाचून मनापासून आनंद झाला.

शाळेचा फळा :
उपकेंद्र ताई, हे वाक्य मी उद्याच फळ्यावर लिहितो. मात्र मघाचा नियम येथेही लागतो का? उपरिमध्ये ‘स’ नाही, मग हायपरमध्ये ‘ह’ कुठून आला?

शब्दनिष्ठ :
चांगला प्रश्न आहे. ग्रीकच्या प्रमाण बोलीत शब्दारंभीच्या ‘उ’ला नेहमीच ‘ह’ लागतो, त्याच्या मागे ‘स’ असो वा नसो. म्हणून प्रत्येक ‘ह’ पाहून ‘स’ शोधत बसू नये.

पऱ्हाटी :
शब्दाने जीव जाण्याची किंवा वाचण्याची गोष्ट निघाली आहे, म्हणून मलाही लिहावेसे वाटते. २०१७च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर येत होता, आणि अनेकांनी दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र केली होती. तेव्हापासून मी डब्यावरचे नाव ग्राहकाला फोडून सांगतो. उदाहरण म्हणून मोनोक्रोटोफॉस हे नाव पाहा. त्यातील मोनो हा शोभेचा नाही. डायक्रोटोफॉस नावाचे त्याचे भावंड आहे. त्यात मिथाइलचे दोन गट नत्राला जोडलेले असतात, मोनोमध्ये एक. शेवटचा ‘फॉस’ म्हणजे फॉस्फरस, आणि तोच खरा इशारा आहे : हे सेंद्रिय फॉस्फरसच्या गटातले विष आहे, मज्जातंतूंवर काम करते. त्याच्या डब्यावर लाल त्रिकोण असे. मोनो ऐकून ‘एकच, म्हणजे सौम्य’ असे समजणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले.

उपकेंद्र :
दादा, त्यावर जे इंजेक्शन देतात त्याच्याही नावात ग्रीक उपसर्ग आहे. ॲट्रोपिन. ते बेलाडोना या विषारी झुडपापासून मिळते आणि त्या झुडपाच्या प्रजातीचे (जीनसचे) शास्त्रीय नाव ॲट्रोपा. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणारी देवी ॲट्रोपॉस; अ म्हणजे नाही, ट्रोपॉस म्हणजे वळणे. जिला वळवता येत नाही ती. जो धागा तुटायला आला आहे तो धरून ठेवण्यासाठी आम्ही तिच्याच नावाचे औषध टोचतो. प्रशिक्षणात हे कोणी सांगितले नव्हते. मी स्वतः शोधले, आणि तेव्हापासून ती कुपी हातात घेताना मला दर वेळी ते आठवते.

सातबारा :
मी महसूल विभागात आहे. सातबाऱ्यावर ग्रीक उपसर्ग रोज छापला जातो. क्षेत्राच्या रकान्यात ‘हे.आर’ असते. हेक्टर या शब्दाचे दोन भाग आहेत : ग्रीक हेकाटॉन, म्हणजे शंभर, आणि आर, जो लॅटिन एरियापासून आला. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून १.६२ असे लिहिले असेल तर एक हेक्टर बासष्ट आर, म्हणजे साधारण चार एकर. शेतकरी एकरात बोलतात आणि कागद हेक्टरात बोलतो, त्यामुळे वाटणीच्या वेळी भावाभावांत गैरसमज होतात. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे आर आहेत, हे समजावून सांगितले की निम्मा वाद शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

शब्दनिष्ठ :
फ्रान्सने १७९५ साली मेट्रिक पद्धत स्वीकारली तेव्हा हे जाणीवपूर्वक ठरवले गेले : मोठे करणारे उपसर्ग ग्रीक, म्हणजे डेका, हेक्टो, किलो, लहान करणारे लॅटिन, म्हणजे डेसी, सेंटी, मिली. त्यामुळे शंभरासाठी हेक्टो आणि शंभराव्या भागासाठी सेंटी. मुळात हेकाटॉन, लॅटिन केंटुम आणि आपले शत हे एकच आहेत.

बारावी विज्ञान :
मग किलो म्हणजे सहस्र का?

वैनगंगाकाठ :
होय. ग्रीक खिलिओई, संस्कृत सहस्रातील ‘हस्र’ आणि फारसी हजार हे एकाच मुळाचे. बाजारात आपण ‘हजार रुपयांना दहा किलो’ म्हणतो, तेव्हा तो मूळ शब्द एकाच वाक्यात दोनदा येतो.

पऱ्हाटी :
आणि क्विंटल? कापसाचा भाव तर क्विंटलवर असतो. त्यात ‘क्विन’ म्हणजे पाच आहे असे एकाने मला सांगितले होते.

शब्दनिष्ठ :
पाच नाही. तो अरबी किंतारमधून आला आणि किंतारच्या मुळाशी लॅटिन शंभर आहे. शंभर किलोंचा क्विंटल, अर्थ आजही बसतो.

मोहफूल :
मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनासोरचे जीवाश्म सापडतात, म्हणून माझ्या मुलाला डायनासोरचे फार वेड आहे. हा धागा वाचत असताना त्याने विचारले की डायनासोरमधला डाय कोणता, दोन की आरपार? मला सांगता आले नाही.

शब्दनिष्ठ :
दोन्ही नव्हेत, मोहफूल ताई. तेथे डेइनॉस म्हणजे भयंकर, आणि सॉरॉस म्हणजे सरडा. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली हे नाव दिले. नेमका हाच माझा आक्षेप आहे. ‘डाय’ या ध्वनीच्या मागे आतापर्यंत तीन वेगळे ग्रीक शब्द निघाले. चौथा सांगतो : डायनॅमो, त्यात ड्युनामिस म्हणजे शक्ती. पॉली म्हणजे अनेक असे पाठ केलेला मुलगा पोलिओत ‘अनेक’ शोधेल. तेथे पोलिऑस म्हणजे करडा आहे, कारण तो रोग मज्जारज्जूतील करड्या भागावर हल्ला करतो. पॉलिटिक्समध्येही अनेक नाहीत, पोलिस म्हणजे नगर आहे. ॲन्टी म्हणजे विरुद्ध, पण घड्याळातल्या एएममधला ॲन्टी लॅटिन आहे, त्याचा अर्थ पूर्वी. पॅराशूटमधला पॅरा पॅरासाइटमधला नाही. म्हणून यादी नको. शब्द पूर्ण शिकवा, वाक्यात शिकवा; उपसर्ग मुलांना हळूहळू आपोआप दिसू लागतात.

वैनगंगाकाठ :
पोलिस आणि आपले पुर हेही भाऊच आहेत, नागपुरातले पुर. पॉली आणि संस्कृत पुरु हेही. परंतु सरांचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून मी विषयांतर करत नाही.

पऱ्हाटी :
शब्दनिष्ठ सर, मला हे पटत नाही. आपोआप दिसू लागतात ते शहरातल्या मुलांना, ज्यांच्या घरी चार पुस्तके आणि रोज इंग्रजी बोलणारे कोणी असते. आमच्या गावातल्या मुलाला इंग्रजी शब्द भेटतो तो औषधाच्या डब्यावर, खताच्या बॅगवर, दवाखान्याच्या कागदावर, आणि तोही वाक्याशिवाय, एकटा. तेथे वाक्याचा आधार मिळत नाही. शब्दाच्या आतच काही आधार सापडला तर तेवढाच. तो चुकू शकतो म्हणून द्यायचाच नाही, हे मला योग्य वाटत नाही. तो तपासून कसा घ्यावा ते शिकवले पाहिजे.

शब्दनिष्ठ :
हे मी याआधी अशा रीतीने ऐकले नव्हते. ‘एकटा भेटणारा शब्द’ हा मुद्दा मला मान्य करावा लागेल.

मग तपासण्याची एक रीत सुचवतो. उपसर्ग काढल्यावर जे उरते, त्याला अर्थ आहे का ते पाहावे. डायऑक्साइडमधून डाय काढला तर ऑक्साइड उरतो, त्याला स्वतंत्र अर्थ आहे, आणि त्यांची संख्या मोजता येते, म्हणून दोन. डायमीटरमधून मीटर उरतो, पण ‘दोन मीटर’ हा अर्थ वर्तुळाला लागत नाही, म्हणून आरपार. डायनासोरमधून ‘नासोर’ उरते, त्याला काहीच अर्थ नाही. म्हणजे आपण शब्द चुकीच्या जागी तोडला. डिझेलमध्येही तसेच, ते तर रुडॉल्फ डिझेल यांचे आडनाव आहे.

बारावी विज्ञान :
स्पेलिंग पाहिले तर? दोनचा डाय म्हणजे डी-आय, आरपारचा म्हणजे डी-आय-ए.

शब्दनिष्ठ :
बहुतेक वेळा चालते, आणि म्हणूनच देवनागरीसोबत रोमन अक्षरेही मुलांच्या डोळ्यांसमोर हवीत. परंतु पुढे स्वर आला की ‘डाया’तला शेवटचा ‘ए’ गळतो. डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, यात डी-आय असूनही अर्थ आरपारचा आहे. उलट डायोडमध्ये डी-आयच आहे आणि अर्थ दोन : दोन वाटा. १९१९ साली घडवलेल्या या शब्दातला होडॉस म्हणजे रस्ता, जो पीरियड या शब्दातही आहे. पेरी अधिक होडॉस, फिरून येण्याची वाट. म्हणून स्पेलिंग हा पहिला साक्षीदार, पण निकाल उरलेल्या भागाने आणि वस्तूने द्यायचा.

मेळघाट :
सगळा धागा आज सलग वाचला. अस्वले ज्यांच्या शेतात येतात त्यांच्यासाठी एक भर : अंटार्क्टिकामध्ये ॲन्टी आणि आर्क्टॉस आहेत. आर्क्टॉस म्हणजे अस्वल, आणि संस्कृतातला ऋक्ष हा त्याचा सख्खा भाऊ. उत्तरेच्या आकाशात ग्रीकांना अस्वल दिसले, म्हणून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश आर्क्टिक, आणि त्याच्या समोरचा अंटार्क्टिक. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच ते तारे. वैदिक वाङ्मयात त्यांनाही ऋक्ष म्हटलेले आहे. आमच्या आश्रमशाळेच्या अंगणातून ते उन्हाळ्याच्या रात्री स्वच्छ दिसतात आणि मुलांना मी तेथेच हा शब्द शिकवतो.

उपकेंद्र :
फारच सुंदर, मेळघाट सर.

शाळेचा फळा :
सर्वांचे मनापासून आभार. आज शनिवारची शाळा होती, म्हणून आज काय झाले ते सांगतो.

यादी दिली नाही. मुलांना सांगितले होते की घरातून एक वस्तू किंवा कागद आणा, ज्यावर ‘डाय’, ‘हायपर’, ‘हायपो’, ‘मोनो’ किंवा ‘पॉली’ असेल. फवारणीचे डबे मात्र आणायचे नाहीत, त्यांची नावे वहीत उतरवून आणायची. डीएपीची रिकामी बॅग आली, सोलर दिव्याचा खराब डायोड आला, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट आले, एकाने सातबारा आणला. प्रत्येक शब्द फळ्यावर देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहिला, मुलांनी तो तोडला, उरलेला भाग वाचला, आणि मग ‘दोन’ की ‘आरपार’ हे हात वर करून ठरवले. डायोडवर वर्ग दुभंगला. एका मुलाने त्या डायोडच्या दोन तारा बोटाने दाखवल्या आणि वाद संपला. दोन वाटा म्हणजे काय, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी उभे केले आणि डायबेटिसचे उत्तर तिलाच द्यायला सांगितले. ती म्हणाली, “आजीच्या अंगातून पाणी निंघून जाते, म्हून आरपार.” आणि लगेच पुढे म्हणाली, “पण सर, आजीची शुगर कमी झाली तं हायपो. तवा साखर द्याची.” हे मी वर्गात शिकवले नव्हते, सकाळी ‘हायपर म्हणजे वर’ एवढेच लिहिले होते. दुसरी बाजू तिने स्वतः जोडली.

आता तिचा नवा प्रश्न आहे. डायरी यातला डाय कोणता?

शब्दनिष्ठ :
तो ग्रीक नाहीच. लॅटिन डिएस, म्हणजे दिवस. रोजची नोंद ती डायरी.

वैनगंगाकाठ :
आणि डिएस व दिवस हे एकाच मुळाचे आहेत. तिला सांगा की आपल्याकडे त्या वहीला दैनंदिनी म्हणतात, आणि हे सगळे शब्द तिने तिच्या दैनंदिनीत लिहून ठेवावेत.